वॉड्सडन मॅनर: आतलं सोनं थांबेल, आधी छप्पर बघून घ्या

वॉड्सडन मॅनरबद्दल लोक जे काही लिहितात ते बहुतेक सगळं आतल्या सामानाबद्दल, कॅफेतल्या केकबद्दल नाहीतर ख्रिसमसच्या लाइटिंगबद्दल असतं, आणि खुद्द इमारतीच्या वाट्याला काय तर "अगदी परीकथेतला महाल" हे एक वाक्य. मला हे काही पटत नाही. इंग्लंडच्या बकिंगहमशायरमधली एक टेकडी, खाली मेंढ्या, कुंपणं आणि विटांची साधी गावं, आणि वर अख्खाच्या अख्खा फ्रेंच शातो, म्हणजे सरदारी महाल, उभा, दिसायला सोळाव्या शतकातला पण बांधलाय व्हिक्टोरिया राणीच्या काळात, आणि माणसं तिथे पोचल्या पोचल्या आत जायची रांग कुठे आहे ते विचारतात. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः बिल्डिंगचाच. फर्निचर, वाइन, बाग वगैरे येईल मधे मधे, पण ओघाने.

आधी बांधणारा कोण ते सांगतो, कारण त्याशिवाय हे घर असं का दिसतं ते कळत नाही. बॅरन फर्डिनांड दे रॉथचाइल्ड, बँकवाल्या घराण्याच्या ऑस्ट्रियन शाखेतला, जन्म १८३९ चा पॅरिसमधला. विशी-एकविशीत इंग्लंडला आला, १८६५ मध्ये नात्यातल्याच एव्हलिनाशी लग्न केलं आणि दीड वर्षात ती बाळंतपणात गेली, बाळही राहिलं नाही. त्यानंतर त्याने लग्न केलं नाही, बहीण ॲलिस सोबतीला राहिली. १८७४ मध्ये वडील गेले, वारशाचा पैसा हातात आला आणि त्याच वर्षी त्याने मार्लबरोच्या ड्यूककडून ही इस्टेट घेतली. घेतली म्हणजे काय, एक उघडी बोडकी टेकडी घेतली, लॉज हिल नावाची, वर धड झाडं नाहीत, पाणी नाही, गाडी जाईल असा रस्ता नाही. आजूबाजूच्या पट्ट्यात आधीच त्याच्या नातेवाइकांची मोठमोठी घरं होती, पैकी मेंटमोर तर १८५० च्या दशकातलं आणि पूर्ण इंग्लिश धाटणीचं. आता याने पण तसंच बांधलं असतं तर कोणी मान वर करून बघितलं नसतं असा माझा आपला अंदाज. त्याने स्वतः लिहून ठेवलेलं कारण साधं आहे: लूआर नदीच्या खोऱ्यातले जुने शातो बघून तो त्यांच्या प्रेमात पडला होता, आणि तसलंच घर त्याला इथे हवं होतं.

मग आर्किटेक्टही फ्रेंचच आणला, गाब्रिएल-इपोलित देस्तायर. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो कारण त्या काळात इंग्लंडमध्ये फ्रेंच छप्पर बसवायची फॅशन होतीच, हॉटेलांवर, स्टेशनांवर, जिथे तिथे, पण त्यातलं बरंचसं पुस्तकातली चित्रं बघून केलेलं. देस्तायरचं तसं नव्हतं, त्याने फ्रान्समध्ये खरेखुरे जुने शातो दुरुस्त केलेले होते, त्यामुळे दगड कसा जोडतात, मनोरा भिंतीतून कसा निघतो, छपराचा कोन किती ठेवला की रुबाब येतो, हे त्याला हाताने माहीत होतं. आणि ते दिसतं. इतर ठिकाणची फ्रेंच छपरं टोपी घातल्यासारखी वरून ठेवलेली वाटतात, इथे भिंत आणि छप्पर एकाच हाताने काढल्यासारखं वाटतं.

आता छप्पर. गाडी पार्क केली की घरापर्यंत शटल बस असते पण हवा बरी असेल तर चालत जा, आणि थेट दारापाशी न जाता उत्तरेकडच्या कारंज्यापाशी थांबा. तिथून समोर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला घराचा उत्तरेचा दर्शनी भाग. बघताना दरवाजा, खिडक्या, कोरीवकाम सगळं सोडून द्या आणि फक्त आकाशाला लागलेली रेघ बघा. शंकूसारखे निमुळते मनोरे, मधे उंच चौकोनी छपरं, त्यांच्यामधून वर गेलेली नक्षीदार धुराडी, छपरातून डोकं बाहेर काढणाऱ्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर परत एक दगडी मुकुट. नुसती भिंत झाकून बघितली तर बिल्डिंग तशी साधी आहे हो, दोन मजले आणि मोठ्या खिडक्या. सगळी मजा वरच्या अर्ध्या भागात आहे. कोकणातलं घर उतरतं छप्पर घेतं ते पावसासाठी, पाणी झटकून टाकायला, इथे मात्र छपराचा चढ पाण्यापेक्षा कितीतरी जास्त दिमाखासाठी ठेवलाय.

हे असं का, तर मुळात शातो म्हणजे किल्ला. मध्ययुगात फ्रान्समधल्या सरदारांच्या गढ्यांना बुरूज, खंदक, पहाऱ्याच्या जागा सगळं लागायचं. पुढे लढाया कमी झाल्या, तोफांपुढे असल्या भिंती टिकेनाशा झाल्या, इटलीतून रेनेसान्सची म्हणजे नव्या कला-विचारांची हवा आली, आणि पहिला फ्रान्स्वा राजा झाल्यावर म्हणजे १५१५ नंतर लूआरच्या काठी जे बांधलं गेलं त्यात बुरूज राहिले पण त्यांचं काम गेलं. पहाऱ्याच्या बुरुजात झोपायची खोली आली, बाणाच्या फटीच्या जागी मोठी खिडकी आली आणि वरचं टोक नुसतं शोभेचं झालं. शांबोर हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, १५१९ ला सुरू झालेलं, त्याच्या गच्चीवर तर मनोऱ्यांचं जंगलच आहे. म्हणजे वॉड्सडन ही मुळातच शोभेच्या झालेल्या किल्ल्याची साडेतीनशे वर्षांनंतरची नक्कल. हे लक्षात ठेवून बघितलं की "हे खरं नाही, खोटं आहे" असा जो एक नाक मुरडायचा सूर असतो त्यात फार दम राहत नाही, कारण ज्याची नक्कल केलीय तेही लढायला कुठे बांधलं होतं.

नक्कलही एकाच घराची नाही. मोठे मनोरे मँतनोनच्या शातोवरून घेतलेत, जिन्याचे दोन मनोरे शांबोरच्या जिन्यावरून, इकडचं थोडं तिकडचं थोडं. लग्नाच्या ताटात सगळ्या भाज्या वाढून घेतो ना आपण, तसं. यावर त्या काळापासून टीका होत आलीय आणि मलाही काही ठिकाणी हे जड वाटतं, विशेषतः घराच्या मधल्या भागात जिथे नजर टेकवायला एक रिकामी भिंत नाही. डोळा सारखा वर, खाली, आत, बाहेर. खरं सांगायचं तर लांबून जेवढी ही इमारत देखणी दिसते तेवढी मध्यम अंतरावरून दिसत नाही, आणि परत एकदम जवळ गेलं की सुंदर दिसते. मधल्या अंतरावर, म्हणजे साधारण जिथे सगळे सेल्फी काढत असतात तिथे, सगळ्यात गर्दीची वाटते.

एकदम जवळ म्हणजे कुठे, तर त्या जिन्याच्या मनोऱ्यांपाशी. उत्तरेच्या दर्शनी भागात दोन आहेत, तिथे जरा वेळ काढाच. आतला जिना गोल गोल वर जातो, आणि बाहेरच्या खिडक्या आणि कठड्याचे पट्टे सरळ आडवे न ठेवता जिन्याच्या चढाबरोबर तिरके नेलेत. म्हणजे बाहेर उभं राहून तुम्हाला कळतं की आतला माणूस आत्ता कोणत्या बाजूने चढत असेल. चौकट तिरकी, तिच्यावरची नक्षी तिरकी, आणि हे सगळं वळत जाणाऱ्या भिंतीवर. दगड घडवणाऱ्याच्या दृष्टीने विचार करा, एक तर गोलाई, त्यात चढ, म्हणजे जवळपास प्रत्येक दगडाचं माप वेगळं, कोपरा नव्वद अंशात असा बसतच नाही. दगड आहे बाथ स्टोन, फिकट मधाच्या रंगाचा चुनखडी दगड, खाणीतून ताजा काढला की कापायला-कोरायला सोपा आणि हवेवर राहिला की कडक होत जातो. म्हणून इतकं बारीक काम त्यात निघू शकलं. शांबोरला जिन्याच्या त्या खिडक्या उघड्या आहेत, वारा आरपार, इथे मात्र काचा लावून टाकल्यात कारण इंग्लंडची हवा. हे बघून मला जाम हसू आलं होतं. सोळाव्या शतकातला राजेशाही थाट पाहिजे पण नोव्हेंबरात जिन्यात कुडकुडायचं नाही.

माझे सासरे सोबत होते, निवृत्त ठेकेदार, त्यांना नक्षीत काही रस नाही. त्यांनी खालून बराच वेळ छपराकडे बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, यात पाणी मुरायला जागा किती ठेवल्यात बघितल्या का तुम्ही?" मी म्हटलं, "म्हणजे कसं बाबा?" तर म्हणे प्रत्येक खिडकी जिथे छपरातून निघते तिथे दोन्ही बाजूंना पन्हळ, मनोरा जिथे छपराला टेकतो तिथे पन्हळ, धुराड्याच्या बुडाशी पन्हळ, आणि गळायचं असेल तर छप्पर सांध्यातच गळतं, मधे नाही. "बांधणारा श्रीमंत होता हे ठीक आहे, पण सांभाळणारा त्याहून श्रीमंत पाहिजे." एकदम बरोबर. वर पाटीच्या दगडाची म्हणजे स्लेटची कौलं आणि सांध्यांना शिसं, हे सगळं धरून ठेवणं म्हणजे कायमचं काम आहे, आणि १९९० च्या दशकात इथे कित्येक वर्षं चाललेली मोठी दुरुस्ती झालीच. असलं छप्पर असलेली कित्येक घरं विसाव्या शतकात मालकांना परवडली नाहीत आणि पाडली गेली. हे टिकलं, कारण १९५७ मध्ये तेव्हाचा मालक जेम्स दे रॉथचाइल्ड याने मृत्युपत्रात घर, आतला संग्रह आणि देखभालीसाठी घसघशीत रक्कम नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिली, आणि कारभार अजूनही रॉथचाइल्ड फाउंडेशन बघतं. लोकांसाठी उघडलं १९५९ मध्ये.

बांधकामाची गोष्टही बिल्डिंगइतकीच भारी आहे. टेकडीचा माथा आधी कापून सपाट केला. माल आणायला रेल्वेपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत ट्राम टाकली, तिथून वर ओढायला इंजिन आणि दोर, आणि बाकी ओझ्याला नॉर्मंडीहून आणलेल्या पर्शरॉन जातीच्या घोड्या. पाणी लांबून नळाने आणलं. पाया घालताना जमीन सरकली आणि केलेलं काम वाया गेलं, मग बरंच खोल खणून पुन्हा सुरुवात. कोनशिला बसली १८ ऑगस्ट १८७७ ला, म्हणजे जमीन घेतल्यावर तीन वर्षांनी, आणि मोठा गृहप्रवेश झाला जुलै १८८३ मध्ये. मधल्या काळात एली लेने नावाच्या फ्रेंच माणसाने टेकडीवर बाग उभी केली, पूर्ण वाढलेली झाडं मुळासकट आणून लावली, म्हणून आज तुम्ही जी दाट झाडी बघता आणि वाटतं की घर बांधायला जंगल साफ केलं असेल, ते उलटं आहे, घर आणि जंगल दोन्ही बरोबरच आलंय.

आणि आता मला या घरातली सगळ्यात आवडलेली गोष्ट, जी डोळ्यांना दिसतच नाही. या सोळाव्या शतकाच्या पोटात पोलादी सांगाडा आहे. वरच्या मजल्यांच्या भिंतींचा भार तो घेतो, म्हणून खालच्या भिंतीवरच वरची भिंत आली पाहिजे हे बंधन सुटलं. दगडाच्या जुन्या घरात खाली जसा दिवाणखाना तशीच वर खोली, कारण भिंतीला भिंतीचा आधार पाहिजे. इथे खाली लांबलचक पाहुण्यांच्या बैठका आणि वर झोपायच्या खोल्यांची पूर्ण वेगळीच मांडणी. त्यात सेंट्रल हीटिंग, न्हाणीघरात गरम आणि गार वाहतं पाणी, नोकरांना बोलवायला विजेच्या घंटा, म्हणजे १८८० च्या आसपास जे जे नवं मिळत होतं ते सगळं. पुढे विजेचे दिवेही आले. १४ मे १८९० ला व्हिक्टोरिया राणी स्वतः आली होती आणि असं सांगतात की झुंबर विजेवर लागतं-विझतं याचं तिला इतकं नवल वाटलं की कितीतरी वेळ ते चालू-बंद करून बघत होती. फ्रेंच राजाचा जुना महाल बघायला आली आणि रमली कशात तर बटणात. मला विचाराल तर या घराचं खरं वय तिथे कळतं.

बॅरन आणि आर्किटेक्ट यांचं फार जमत होतं अशातला भाग नाही. बॅरनने १८९७ मध्ये सगळी हकीकत लिहून ठेवलीय, त्यात देस्तायरच्या हुशारीचं कौतुक आहे पण तक्रारही सणसणीत आहे: बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींपुढे त्याला घर चालवायच्या सोयी दिसतच नव्हत्या, हवा-उजेड-वायुवीजन यांना तो मोजायचाच नाही, आणि कामात दिरंगाई. घर बांधलेल्या कुठल्याही माणसाने आर्किटेक्टबद्दल काढलेले उद्गार हेच असतात नाही का, देश कुठलाही असो. गंमत अशी की पहिला आराखडा बराच मोठा होता, बॅरनने तो कापायला लावला, तेव्हा देस्तायरने बजावलं होतं की माणूस नेहमी लहानच बांधतो आणि मागाहून पस्तावतो. आणि झालं तसंच. काम संपून फार दिवस झाले नाहीत तोवर पूर्वेची बॅचलर्स विंग, म्हणजे एकट्या पुरुष पाहुण्यांचा भाग, वाढवली, मग १८८८ नंतर पश्चिमेला मॉर्निंग रूमचा भाग जोडला. हे जोड बाहेरून सहज ओळखू येतात, दोन्ही बाजू एकमेकींना जुळत नाहीत. मला ते चालतं. खरे जुने शातोसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या तुकड्या-तुकड्यांनीच वाढलेत, इथे फक्त तेच पंधरा-एक वर्षांत उरकलं.

आता आत जाऊ. आत गेल्यावर पहिला धक्का असा की शतकच बदलतं. बाहेर सोळावं शतक, आत अठरावं. भिंतींना लाकडी कोरीव पॅनेल आहेत, पांढरी, करडी, सोनेरी कडांची, आणि ती नवीन बनवलेली नाहीत, पॅरिसमधल्या अठराव्या शतकातल्या खऱ्या घरांमधून काढून आणलेली आहेत. त्या दशकांत पॅरिसमध्ये ओसमाँ नावाच्या अधिकाऱ्याने मोठे रस्ते काढायला जुन्या वस्त्या पाडल्या, त्यात असल्या घरांचा माल बाजारात आला. म्हणजे इथे खोलीच्या मापाने पॅनेल करायच्या ऐवजी जमेल तिथे पॅनेलच्या मापाने खोली केलीय. एखाद्या खोलीत उभं राहून कोपऱ्याकडे नीट बघा, पॅनेल कुठे थोडं कमी पडलं असेल तिथे कसं जुळवून घेतलंय हे शोधण्यात मला तरी सिंहासनासारख्या खुर्च्या बघण्यापेक्षा जास्त मजा आली. बुरुजातली गोल बैठक तर यासाठी खास बघावी, सरळ भिंतीच्या मालाने गोल खोली सजवणं काय असतं ते कळतं.

पण आतल्या खोल्यांना माझे मार्क कमी. जागा सुंदर आहे पण ती सामानाखाली दिसतच नाही. सेव्रची चिनीमाती, साव्होनरीचे गालिचे, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी केलेलं टेबल, भिंतीवर गेन्सबरो आणि रेनल्ड्स या चित्रकारांनी रंगवलेल्या इंग्लिश बायका, सगळं अव्वल दर्जाचं, एकेक वस्तू म्युझियममध्ये मधोमध ठेवावी अशी, आणि इथे ती एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभी. हेच त्या घराण्याचं वैशिष्ट्य आहे असं म्हणतात आणि असेलही, पण छताची उंची, दारांची ओळ, एका खोलीतून पुढच्या चार खोल्या कशा सरळ दिसतात, हे बघायला तुम्हाला मान वाकडी करावी लागते. जेवणाची खोली त्यातल्या त्यात मोकळी वाटते, संगमरवरी भिंती आणि मोठे टेपेस्ट्रीचे पडदे, तिथे खोली खोली म्हणून कळते. पूर्वेच्या गॅलरीत ग्वार्दीची व्हेनिसची दोन अवाढव्य चित्रं आहेत आणि एक यांत्रिक हत्तीही आहे, १७७४ मध्ये ह्यूबर्ट मार्तिने याने केलेला, चावी दिली की सोंड-शेपूट हलते, १८८९ मध्ये इराणचा शहा आला होता तो यावरच बेहद्द खूश झाला. बच्चेकंपनी बरोबर असेल तर तुमचाही तिथे वेळ जाणार हे धरून चला.

उजेड कमी असतो आत, याबद्दल कुरकुर ऐकू येते. पडदे खाली असतात आणि दिवे मंद. त्याला कारण आहे, कापड आणि लाकडाचा रंग उन्हाने उडतो, आणि ही काळजी घेण्याची शिस्त आजची नसून ॲलिसच्या वेळची आहे. बॅरन १८९८ मध्ये आपल्या वाढदिवसालाच गेला, १७ डिसेंबरला, त्यानंतर १९२२ पर्यंत घर ॲलिसकडे होतं आणि वस्तू कशा हाताळायच्या, पडदे कधी पाडायचे याचे तिचे नियम प्रसिद्ध होते. त्यामुळेच रंग टिकलेत. फक्त आर्किटेक्चर बघणाऱ्याचं यात नुकसान असं की खिडक्यांचा आणि बाहेरच्या गच्चीचा संबंध तुटतो. दक्षिणेची बैठक मुळात बागेकडे उघडण्यासाठी केलीय, समोर पार्टेर म्हणजे फुलांच्या नक्षीचे वाफे आणि पुढे लांबवर दरी, आणि आतून ते नीट जाणवत नाही. म्हणून आत फिरून झालं की परत बाहेर येऊन दक्षिण बाजूने घर बघा. ही बाजू मला उत्तरेपेक्षा जास्त आवडली, कमी गर्दीची, जास्त आरामशीर, खिडक्या मोठ्या आणि ऊन अंगावर घेतलेला दगड.

बॅचलर्स विंग उघडी असेल तर चुकवू नका. शनिवार ते सोमवार पाहुणे बोलवायची पद्धत होती, त्यातल्या एकट्या पुरुषांना या बाजूला ठेवायचे, बिलियर्ड आणि सिगारेटसकट. सजावट इथे बदलते, काळपट लाकूड, जुन्या रेनेसान्स वळणाची, आणि खरं सांगू का, बाहेरच्या सोळाव्या शतकाशी जुळणारा आतला एवढाच भाग. इथल्या रेनेसान्स काळातल्या मौल्यवान वस्तू बॅरनने ब्रिटिश म्युझियमला दिल्या, त्या लंडनला बघता येतात, वेगळ्या दालनात आहेत.

बागेत पक्ष्यांचं घर आहे, १८८९ चं, ओतीव लोखंडाचं, लाकडी जाळीदार मांडवाच्या वळणाने केलेलं. मुख्य घरात जे पोलाद लपवलंय तेच धातूचं काम इथे उघडं ठेवून नाचवलंय, हे दोन्ही एकाच दिवशी बघायला मजा येते. तबेल्यांची इमारतही सोडू नका, १८८४ ची, शातोच्या मानाने शांत, तिथेच कॅफे आहे त्यामुळे पाय आपोआप वळतातच. घराच्या समोर बाटल्यांच्या उंच समया दिसतील, त्या २०१५ च्या, पोर्तुगीज कलाकार जुआना व्हास्कोन्सेलोसच्या, शातो लाफीतच्या मोठ्या बाटल्यांपासून केलेल्या. लोकांना आवडतात. माझ्या फोटोत मात्र त्या दर वेळी मधे येतात आणि छपराची रेघ तोडतात. तळघरात वाइनचा साठा, १५००० च्या वर बाटल्या, ज्याला रस त्याने बघावा, मी पटकन बाहेर आलो.

फ्रेंच थाटाची अजून घरं इंग्लंडमध्ये बघायची असतील तर दोन सांगतो. एक ड्रॉइटविचचं शातो इम्पनी, मिठाच्या धंद्यात गब्बर झालेल्या जॉन कॉर्बेटने १८७० च्या दशकात बांधलेलं, लाल विटा आणि फिकट दगड, वॉड्सडनपेक्षा चटपटीत आणि थोडं खेळण्यातलं वाटणारं, पण उघडं आहे का याची चौकशी करूनच निघा. दुसरं बार्नार्ड कासलचं बोझ म्युझियम, फ्रेंच आर्किटेक्ट ज्यूल पेलेशेचं, हे राहायचं घर नव्हतंच, पहिल्यापासून म्युझियम म्हणून बांधलं, १८६९ ला सुरू होऊन १८९२ ला उघडलं आणि तोवर बांधणारे नवरा-बायको दोघंही वारले होते. ते खूप भव्य आहे पण एखाद्या टाउन हॉलसारखं. घर म्हणून, राहायच्या जागेचा डौल म्हणून, वॉड्सडन त्या दोघांच्या पुढे आहे असं माझं मत.

जायचं कसं: लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून ट्रेनने एल्सबरी व्हेल पार्कवे, तिथून टॅक्सी जवळ पडते. घराच्या आतल्या तिकिटाला वेळेचा स्लॉट असतो आणि सुट्टीच्या दिवशी ते आधीच जातात, घरी बसूनच बुक करा. नॅशनल ट्रस्टचं मेंबरशिप असेल तर खर्च वाचतो. नुसतं बागेचं तिकीट घेऊन फक्त बाहेरून बघितलं तरी या रिव्ह्यूमधलं बरंचसं तुम्हाला बघायला मिळेल, पैसे कमी आणि पाय मोकळे.

मार्क द्यायचेच तर छपराला आणि जिन्याच्या मनोऱ्यांना पाचपैकी पाच, दक्षिण बाजूला साडेचार, आतल्या खोल्यांना साडेतीन. ख्रिसमसला घर सजवतात आणि बाहेर रंगीत दिवे सोडतात, मुलांना न्यायला ते छान आहे, पण त्या दिव्यांत दगडाचं कोरीवकाम सपाट होऊन जातं, म्हणून बिल्डिंग बघायला जाणाऱ्याने एप्रिल-मे किंवा सप्टेंबर धरावा, आणि दक्षिण बाजू दुपारनंतर.